हातातल्या जीपीएसवर तोच रस्ता पुन्हा पुन्हा चुकतोय? आधी रेषेचा आकार बघा

दक्षिण सोलापुरात तेरामैलावरून मंद्रूपच्या बाजूला वळलो की गेलं वर्षभर माझ्या जीपीएस युनिटवर एकच प्रकार चालू होता. वस्ती डोळ्यांसमोर, विहिरीवरचा पाइप उन्हात चमकतोय, आणि स्क्रीन सांगतेय की अजून ३१ किलोमीटर. जांभळी रेषा मागं फिरून महामार्गाला लागते, नदी ओलांडते, कुठंतरी लांबून वळसा घेते आणि त्याच वस्तीच्या मागच्या बाजूनं परत येते. मी दर वेळी काहीतरी करून वेळ मारून नेली. कधी मधे एक खूण टाकली, कधी युनिट रीसेट केलं, कधी नकाशा नवा भरला. तेवढी खेप निघून जायची. मग पुन्हा तेच.

मी सौर कृषिपंपांच्या दुरुस्तीचं काम करतो. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, रोज तीन-चार शेतं. हातात गट नंबर असतो आणि अक्षांश-रेखांश. पत्ता म्हणाल तर ‘चारीच्या पलीकडं, लिंबाच्या झाडाजवळ’. फोन का नाही वापरत, असं विचारतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो. मोटारसायकलच्या हँडलवर लावलेला फोन तासाभरात तापून स्क्रीन मंद करतो, कधी बंदच पडतो. दोन पेन्सिल सेलवर चालणारं युनिट दिवस काढतं, ग्रीस लागलेल्या हातानं दाबता येतं आणि त्याला रेंज लागत नाही. म्हणून मी ते सोडलेलं नाही, आणि म्हणूनच हा दोष मुळापासून शोधायचं ठरवलं.

शोधताना एक गोष्ट पक्की कळली. ‘रस्ता चुकतो’ ही एक तक्रार नाही. तिच्या पोटात पाच-सहा वेगवेगळे बिघाड आहेत, आणि कुठला आहे ते रेषेच्या आकारावरून ओळखता येतं. पंप बघताना आपण आधी आवाज ऐकतो, मग पाना उचलतो, तसंच. सेटिंगमध्ये हात घालायच्या आधी रेषा नीट बघा.

रेषा सरळ, शेतांवरून कापत जाणारी

हा सगळ्यात सोपा. रस्ते दिसतात, पण रेषा कावळ्यासारखी थेट जाते. बहुतेक वेळा राउटिंगची पद्धत ‘डायरेक्ट’ किंवा ‘ऑफ रोड’ वर पडलेली असते. ती ‘ऑटोमोबाइल’ किंवा ‘ऑन रोड’ करा. तरीही सरळच राहिली, तर नकाशात रस्त्यांचं फक्त चित्र आहे, जोडण्यांची माहिती नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून काढलेला, सगळ्यांना खुला असा इंटरनेटवरचा नकाशा. त्याच्या माहितीवरून गार्मिन कंपनीच्या जीपीएस युनिटांना चालणारी फाइल बनवणारं एमकेजीमॅप नावाचं मोफत साधन आहे. त्यात फाइल बनवताना ‘रूट’ हा पर्याय द्यावा लागतो. तो राहिला की नकाशा अगदी सुबक दिसतो आणि रस्ता काही काढत नाही. अशा फाइलवर युनिटची कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही, फाइलच बदलायची.

रेषा महामार्गापुरती बरोबर, पुढं सरळ

सोलापूर ते मोहोळ व्यवस्थित, मोहोळपासून आतल्या गावाला एकदम सरळ रेघ. म्हणजे युनिट तुमच्या तपशीलवार नकाशावर चालतच नाही, आत मुळात भरलेल्या ढोबळ नकाशावर चालतंय. त्या नकाशात मोठे रस्ते सोडून फारसं काही नसतं. नकाशांच्या यादीत जाऊन तुमचा नकाशा चालू आहे का बघा. नकाशा एकाच वेळी एकच चालू ठेवा, बाकीचे बंद. दोन तपशीलवार नकाशे एकावर एक चालू असले की चित्र एकाचं दिसतं आणि रस्ता दुसऱ्यावरून निघतो. यात माझे दोन दिवस गेले.

रेषा भलत्याच गावाला

यात युनिटचा दोष फार क्वचित असतो. आकड्यांच्या लिखाणात घोळ असतो. माझ्याकडं आलेल्या एका कागदावर अक्षांश १७ अंश ३०.२५० मिनिटं आणि रेखांश ७५ अंश ४९.१२० मिनिटं होते. कुणीतरी ते वहीत १७.३०२५० आणि ७५.४९१२० असे उतरवले. मिनिटं ६० नी भागायची असतात. ती तशीच दशांश म्हणून लिहिली तर जागा दक्षिणेला २२ आणि पश्चिमेला ३५ किलोमीटर सरकते, सरळ अंतर सुमारे ४१ किलोमीटर. मला जायचं होतं मंद्रूपच्या शिवारात आणि युनिट मला मंगळवेढ्याच्या दक्षिणेला न्यायला निघालं होतं. आकडे भरायच्या आधी युनिटमध्ये जागेचे आकडे लिहायचं स्वरूप कुठलं निवडलंय ते बघा, आणि डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस ८४ असू द्या. जुना भारतीय डेटम राहिला तर जागा शंभरेक मीटर हलते. शंभर मीटर म्हणजे आपल्याकडं दुसऱ्याचं शेत.

नावानं शोधत असाल तर आणखी काळजी घ्या. होटगी गाव वेगळं, होटगी स्टेशन वेगळं. कासेगाव पंढरपूर तालुक्यातही आहे आणि दक्षिण सोलापुरातही. आपण सगळे विजापूर रोड म्हणतो, पण २०१४ पासून त्या शहराचं अधिकृत नाव विजयपुरा आहे. २०२३ पासून उस्मानाबादचं धाराशिव झालं. नकाशा कधीचा आहे त्यावर कुठलं नाव सापडेल ते ठरतं. जुन्या युनिटांत देवनागरी अक्षरं नसतात. नकाशात गावाचं नाव फक्त मराठीत असेल तर तिथं प्रश्नचिन्हं किंवा रिकामी जागा येते. म्हणून शेताची जागा नेहमी आकड्यांनीच भरा.

रेषा मोठा वळसा घेते

माझा मूळ त्रास हाच, आणि सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोष युनिटचा की माहितीचा, ते ठरवा. त्यासाठी शेतात जायची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर दिशा काढायची सोय आहे. तिथं तेच दोन टोकं द्या. तिथं सहा किलोमीटरचा रस्ता निघाला आणि युनिटवर ३१ चा, तर दोष युनिटच्या सेटिंगमध्ये किंवा फाइलमध्ये आहे. दोन्हीकडं ३१ आले तर दोष माहितीत आहे, आणि युनिट कितीही रीसेट केलं तरी तो जाणार नाही. मी ही एक तपासणी पहिल्याच दिवशी केली असती तर वर्ष वाचलं असतं.

युनिटकडचा दोष असेल तर सगळ्यात आधी ‘टाळायच्या गोष्टी’ उघडा. तिथं कच्चे रस्ते टाळा, असं ठरलेलं असेल तर आपल्या भागात काम संपलंच. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, कॅनॉलच्या कडेचा मुरमाड रस्ता, हे सगळं कच्च्यात मोडतं. ती खूण काढा. वाहनाचा प्रकारही बदलून बघा. शेताकडचा रस्ता नकाशात ‘ट्रॅक’ म्हणून नोंदलेला असतो आणि काही नकाशांत मोटारीसाठी तो मोजतच नाहीत.

माझ्याकडं मात्र दोन्हीकडं ३१ च येत होते.

त्या वस्तीचे आजोबा माझी ही खटपट दर खेपेला बघायचे. एकदा म्हणाले, “त्या डबड्याला काय इचारताय ओ? सरळ पाणंदीनं यायचं की. आमचा ऊस तिथनंच जातोय.” मी म्हटलं, “आप्पा, पाणंद मला माहितीये, यंत्राला माहीत नाही.” ते म्हणाले, “मग सांगा की त्याला. तुम्हीच ना मागल्या साली हितं फिरून काढली होती?”

खरं होतं. ती पाणंद ओपनस्ट्रीटमॅपवर मीच काढली होती. तिच्यावरून मोटारसायकल चालवून, युनिटमध्ये ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, धरून, घरी बसून रेघ ओढली होती. त्यामुळं चूक तिथं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा ती रेघ मोठी करून बघितली. पाणंद डांबरी रस्त्याच्या दोन मीटर अलीकडं थांबली होती. डोळ्यांना चिकटलेली दिसत होती, पण जोडलेली नव्हती.

नकाशावरचा रस्ता म्हणजे बिंदूंना जोडणारी रेघ. दोन रस्ते एकमेकांना मिळतात असं यंत्राला कधी कळतं? दोघांत एक बिंदू सामाईक असेल तेव्हाच. दोन मीटरची फट आपल्याला फट वाटत नाही. यंत्राला ती सीना नदीएवढीच रुंद असते. दुसऱ्या टोकाला ती पाणंद लांबच्या एका गावरस्त्याला बरोबर जोडलेली होती, म्हणून यंत्र बिचारं प्रामाणिकपणं सगळा वळसा घालून त्या टोकानं मला आत आणत होतं. एवढे दिवस मी युनिटला दोष देत होतो आणि चूक माझ्या बोटाची होती.

दुरुस्ती दोन मिनिटांची. संपादन उघडा, टोकाचा बिंदू धरा, डांबरी रस्त्यावर नेऊन सोडा. तो रेघेला चिकटला की जोड झाला. संपादकात डाव्या-उजव्या बाजूला इशारे येतात, ‘जवळपास जोडलेला रस्ता’ अशा अर्थाचे. मी काढताना तो इशारा आलाही असेल. तुम्ही पाणंद काढत असाल तर साठवायच्या आधी दोन्ही टोकं मोठी करून बघा. जिथं आपण ओढा किंवा चारी ओलांडतो तिथंही बघा.

टोकं जुळलेली असूनही वळसा येत असेल तर वाटेत फाटक शोधा. कुणी शेताच्या तोंडाशी गेट दाखवलं असेल आणि ते कुणाला खुलं आहे हे नोंदलं नसेल, तर काही नकाशे तिथं रस्ता बंद समजतात. ‘खासगी’ अशी खूण आणि एकेरी वाहतुकीची खूणही तपासा. एकेरीचा बाण उलटा पडला की जाताना रस्ता बरोबर निघतो आणि येताना वळसा. फक्त एकाच दिशेनं त्रास होत असेल तर बाकी काही न बघता आधी तो बाण बघा.

पण प्रत्येक वळसा चूक नसतो. पुणे-हैदराबाद महामार्गावर मधे दुभाजक आहे. गावचा फाटा एकाच बाजूला मिळतो. समोरच्या बाजूनं येणाऱ्याला पुढच्या पुलाखालून वळून यावं लागतं. यंत्र तेच सांगतं आणि ते बरोबर आहे. आपण सर्व्हिस रोडनं उलटे घुसतो, दुभाजकाच्या फटीतून मोटारसायकल काढतो आणि म्हणतो, यंत्र उगाच फिरवतं. अशा ठिकाणी नकाशा ‘दुरुस्त’ करून तिथं जोड दाखवू नका. रात्रीच्या वेळी अनोळखी माणूस त्या जोडावर विसंबून चारचाकी उलट्या दिशेला घालेल.

बंधाऱ्यांचंही तसंच. सीना आणि भीमेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यावरून लोक दुचाकी नेतात, कारण दहा मिनिटांत पलीकडचं गाव येतं आणि पुलावरून गेलं तर तास जातो. नकाशात कुणी बंधारा साधा रस्ता म्हणून दाखवला, तर यंत्र चारचाकीलाही तिकडंच घालतं. दाखवलाच नाही, तर दुचाकीवाल्यालाही लांबून पाठवतं. बरोबर नोंद म्हणजे रुंदी, दुचाकी आणि पायी चालेल, चारचाकी नाही. पावसाळ्यात तर बंधाऱ्याचा भरवसा कुठल्याच यंत्रानं धरू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा नकाशावर सगळे रस्ते जसेच्या तसे दिसत होते. पाणी किती चढलंय ते काठावरच्या माणसाला विचारायचं आणि तो ‘नको’ म्हणाला की फिरायचं.

दुरुस्त केलं तरी परत तेच

पाणंद जोडली आणि मी निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी नवा नकाशा भरला आणि रेषा पुन्हा महामार्गाकडं वळली. त्या दिवशी खरोखर रडू यायचं बाकी होतं.

झालं होतं असं. नवी फाइल मी युनिटच्या आतल्या मेमरीत भरली होती आणि जुनी कार्डावर तशीच होती. दोन्हींची नावं वेगळी, पण आतला ओळख क्रमांक एकच. युनिटनं जुनीच उचलली. तेव्हापासून पद्धत ठरवली आहे. नवा नकाशा भरायच्या आधी कार्ड आणि आतली मेमरी दोन्ही उघडायच्या, जुनी फाइल खरोखर पुसायची, युनिट संगणकातून नीट ‘इजेक्ट’ करून काढायचं, आणि चालू केल्यावर नकाशाच्या माहितीत तारीख बघायची. कार्ड एफएटी ३२ पद्धतीचं असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. अर्धवट उतरलेली फाइल कधी कधी उघडते, पण तिच्यात अर्धा तालुका गायब असतो.

आणखी एक, घाई करू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर केलेला बदल तिथल्या चित्रावर थोड्या वेळात दिसतो. तुमची फाइल बनवणारा मात्र ती माहिती कधी उचलतो, त्यावर युनिटवर कधी येईल ते ठरतं. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती उतरवून घ्यायला देणाऱ्या जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर भारताची माहिती रोज ताजी होते, पण तयार नकाशे देणारे आठवड्यानं किंवा महिन्यानं नवा काढतात. बदल आज केला आणि उद्या जुन्याच तारखेचा नकाशा भरला, तर दोष परतलेला नसतो, तो अजून गेलेलाच नसतो.

हद्दीवर तुटणारी रेषा

आपल्या जिल्ह्याचा हा खास त्रास, आणि याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. जिओफॅब्रिक भारताचे विभागवार तुकडेही देतं. महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो आणि कर्नाटक दक्षिण विभागात. पुण्याच्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. आपण मात्र अगदी काठावर आहोत. नुसता पश्चिम विभागाचा नकाशा भरला तर विजापूर, इंडी, अफजलपूरकडं जाणारी रेषा हद्दीशी थांबते किंवा तिथून पुढं सरळ होते. दोन्ही तुकडे वेगवेगळे बनवून भरले तरी हद्दीवर रस्ते जुळतीलच असं नाही. अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिण कडेला तर महाराष्ट्रातल्याच दोन गावांमधला जवळचा रस्ता कधी कर्नाटकातून जातो, आणि नकाशात पलीकडचं काहीच नसल्यामुळं यंत्र मोठा वळसा देतं. उपाय एकच आहे. पूर्ण भारताची फाइल घ्या, नाहीतर दोन्ही विभागांची माहिती आधी एकत्र करून मग तिचा नकाशा बनवा. फाइल मोठी होते, चालेल.

संगणकावर बरोबर, युनिटवर वेगळं

घरी बसून रूट आखला, युनिटवर पाठवला, निघाल्यावर युनिटनं त्याची दुसरीच वाट केली. कारण रूट म्हणजे फक्त टप्प्यांची यादी, मधली वाट युनिट आपल्या नकाशावर आणि आपल्या सेटिंगवर नव्यानं काढतं. दोन्हीकडं एकाच तारखेचा नकाशा आणि एकसारखी सेटिंग हवी. ‘रीकॅल्क्युलेशन’ ऑटोमॅटिकवरून ‘विचारून’ वर आणा, म्हणजे तुम्ही जरा वाट सोडली की ते परस्पर सगळं बदलणार नाही. आणि वाट अगदी हवी तीच पाहिजे असेल तर रूट पाठवूच नका, ट्रॅक पाठवा. ट्रॅक वळणं सांगत नाही, पण बदलतही नाही. पावसाळ्यात ठरावीक कोरड्या वाटेनंच जायचं असतं तेव्हा मी नेहमी ट्रॅकवर जातो.

मदत मागताना फक्त ‘रस्ता चुकतो’ असं लिहू नका. रेषा कशी आहे, संकेतस्थळावर किती किलोमीटर येतात, युनिटवर किती, नकाशाची तारीख काय, कच्चे रस्ते टाळायची खूण आहे का, एवढं लिहा. याच्यावरून दहापैकी आठ वेळा समोरच्याला जागेवर सांगता येतं.

मंद्रूपच्या त्या वस्तीला आता युनिट सहा किलोमीटर दाखवतं. गेल्या सोमवारी गेलो तेव्हा आप्पांनी स्क्रीन स्वतःच्या हातात घेतली, बोटानं पाणंदीवरून वाट धरली आणि भीमेच्या बाजूला नेऊन विचारलं, “आमचा बंधारा कुठाय यात?” तो नाही. ऑक्टोबरात बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले की मोटारसायकल घेऊन जाणार आहे, टेप बरोबर ठेवून. रुंदी मोजूनच टाकायचा.